पहाटे पाचचा नाद आधी सोडा

प्रश्न : मी ३४ वर्षांची आहे, कोल्हापुरात राजारामपुरीत राहते. बी.कॉम. झाल्यावर काही वर्षं एका कर सल्लागारांकडे काम केलं. मुलगा झाल्यावर घरूनच टॅलीवर हिशेब लिहिण्याची आणि जीएसटीची कामं घ्यायला लागले. आता २२ पार्ट्या आहेत, बहुतेक लक्ष्मीपुरी, शाहूपुरी आणि उद्यमनगरातल्या. मिस्टर गोकुळ शिरगाव एमआयडीसीत आहेत, पाळ्या बदलत्या. दुसरी पाळी असली की ते रात्री साडेबाराला येतात, मला झोपायला एक वाजतो. मुलगा चौथीत आहे, रिक्षाने शाळेला जातो, सासूबाई सोबत असतात. दिवसभर लॅपटॉप उघडा असतो, पण सलग अर्धा तास काम होत नाही. व्हॉट्सॲपवर बिलांचे फोटो येतच राहतात. मग जीएसटी रिटर्नच्या ११ आणि २० तारखेच्या आदल्या रात्री जागरण आणि त्यात चुका. पहाटे पाचला उठून काम करायचं तीनदा ठरवलं, आठ-दहा दिवसांच्या वर टिकलं नाही. माझी इच्छाशक्तीच कमी आहे का? एखादं वेळापत्रक किंवा ॲप सुचवाल का?

उत्तर : ताई, दर महिन्याला २२ पार्ट्यांची रिटर्न वेळेत भरणाऱ्या बाईची इच्छाशक्ती कमी आहे, हे पटण्यासारखं नाही. अडचण वेगळी आहे. तुमच्या घरात स्वयंपाकाची वेळ ठरलेली आहे, डब्याची ठरलेली आहे, सासूबाईंच्या गोळ्यांचीही असेल. फक्त तुमच्या कामाला दिवसात स्वतःची जागा नाही. ते सकाळपासून रात्रीपर्यंत सांडलेलं असतं, म्हणून कुणीही ते बाजूला सारू शकतं, आणि तुम्हीही सारता.

पहाटे पाचचं गणित आधी मांडू. एकला झोपून पाचला उठलं तर झोप होते चार तास. मोठ्या माणसाला रोज किमान सात तास झोप लागते. झोप तुटली की सगळ्यात आधी लक्ष विस्कटतं आणि तुमचं काम तर आकड्यांचं. १,८६९ चे १,८९६ होतात, फरक पडतो २७ चा. फरकाला ९ ने भाग गेला की आकडे उलटे पडलेत, हे तुम्हाला सांगायला नको. ती चूक शोधण्यात जो अर्धा तास जातो तो पहाटे वाचवलेल्या वेळातूनच जातो. त्यामुळे पाचचा बेत आठ-दहा दिवसांत मोडला याचं वाईट वाटून घेऊ नका. शरीराने नको म्हटलं आणि ते बरोबर होतं.

दुसरं कारण पाळीचं. मिस्टरांची पाळी बदलली की तुमचं घड्याळही बदलतं. पहिल्या पाळीला डबा पहाटे, दुसऱ्या पाळीला सकाळी घरात कुणी झोपलेलं, तिसऱ्या पाळीला दिवसभर हळू आवाजात वावरायचं. अशा घरात घड्याळाच्या काट्याला बांधलेली सवय टिकत नाही. ती एखाद्या रोज घडणाऱ्या गोष्टीला बांधावी लागते. तुमच्याकडे अशी गोष्ट आहे : मुलाला शाळेला नेणारी रिक्षा. पाळी कुठलीही असो, रिक्षावाले मामा साधारण त्याच वेळेला येतात. म्हणून वाक्य असं ठरवा आणि कागदावर लिहा : ‘रिक्षा गेली की मी दार लावीन, तांब्याभर पाणी टेबलावर ठेवीन, फोन आतल्या खोलीत ठेवीन आणि टॅली उघडीन.’ मानसशास्त्रज्ञ पीटर गोलवित्झर यांनी १९९९ मध्ये अशा ‘अमुक झालं की तमुक करीन’ धाटणीच्या ठरावांबद्दल लिहिलं. नुसतं ‘रोज नीट काम करीन’ म्हणण्यापेक्षा हे जास्त टिकतं, कारण ऐनवेळी ठरवायला काही उरतच नाही. रिक्षा वळली की पाय टेबलाकडे वळतात.

मध्ये कपडे वाळत घालणं, ‘एवढा ओटा पुसते आणि बसते’ हे आणू नका. ओटा पुसायला घेतला की डबे दिसतात, डबे दिसले की संपलेली तूरडाळ आठवते. रिक्षा आणि टेबल यांच्यात पाच मिनिटांपेक्षा जास्त अंतर पडलं की ती बैठक त्या दिवशी गेलीच म्हणून समजा.

किती वेळ बसायचं? पहिले दोन आठवडे फक्त २० मिनिटं. स्वयंपाकघरातला टायमर लावा आणि वाजला की उठा, काम रंगात आलं असलं तरी. इथेच बहुतेकांचं बिनसतं. तिसऱ्या दिवशी हुरूप येतो, सलग तीन तास काम होतं, स्वयंपाक मागे पडतो, घरात कुरबुर होते, चौथ्या दिवशी त्याची भरपाई करण्यात सकाळ जाते आणि पाचव्या दिवशी बसायचं राहून जातं. तेव्हा खालच्या मर्यादेइतकीच वरची मर्यादाही पाळा. तिसऱ्या आणि चौथ्या आठवड्यात ४० मिनिटं करा. पाचव्यापासून ४०, मध्ये १० मिनिटं उठून फिरणं, पुन्हा ४०. याच्या पलीकडे सकाळी ताणू नका. दीड तासाचं असं काम पदरात पडलं तर सध्याच्या तुमच्या अख्ख्या विस्कळीत दिवसापेक्षा ते जास्त भरेल.

सवय २१ दिवसांत लागते असं तुम्ही ऐकलं असेल. मॅक्सवेल माल्ट्झ या अमेरिकी प्लास्टिक सर्जनने १९६० मध्ये लिहिलं होतं की बदललेल्या चेहऱ्याची सवय व्हायला रुग्णांना किमान २१ दिवस लागतात. तिथून तो आकडा पसरत गेला. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांवर केलेला अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात एखादी गोष्ट आपोआप व्हायला लागायचा मधला आकडा ६६ दिवस निघाला, आणि माणसामाणसांत फरक १८ पासून २५४ दिवसांपर्यंत. म्हणजे दहाव्या दिवशी कंटाळा आला तर काही बिघडलेलं नाही, ते अजून सुरुवातीतच आहे. त्याच अभ्यासात असंही दिसलं की एखादा दिवस चुकल्याने फारसं काही बिघडत नाही. बिघडतं ते चुकलेल्या दिवसानंतर ‘आता पुढच्या एक तारखेपासून’ म्हणून सोडून दिल्याने. त्यासाठी एक लहानातला लहान डाव हाताशी ठेवा : मुलाला ताप आहे, पाहुणे आलेत, तरी टॅली उघडून एक व्हाउचर, म्हणजे एक नोंद, टाकायची आणि बंद करायचं. तीन मिनिटं. तेवढ्याने कामाचा ढीग हलत नाही, पण बसण्याची वाट बुजत नाही.

या बैठकीत कुठलं काम घ्यायचं हे आदल्या रात्री ठरलेलं हवं. ‘जीएसटी बघायचं’ असं लिहिलं तर सकाळी पहिली दहा मिनिटं कुठून सुरू करू यात जातात. चिठ्ठीवर असं लिहा : ‘पार्टी नं. ७, गेल्या महिन्याची खरेदी, बिल १ ते ४०.’ एका बैठकीत एकच पार्टी. सोफी लेरॉय या संशोधिकेने २००९ मध्ये दाखवलं की एक काम अर्धवट टाकून दुसऱ्याकडे वळलं की मनाचा काही भाग पहिल्याच कामात गुंतून राहतो. तुम्ही उद्यमनगरच्या वर्कशॉपची खरेदी जुळवताना लक्ष्मीपुरीच्या किराणा दुकानाचा फोटो उघडता, त्याला उत्तर देता, परत येता, तेव्हा अर्धं डोकं अजून त्या दुकानात असतं. मध्ये उठावंच लागलं तर वहीत एक ओळ लिहूनच उठा : ‘बिल २३ झालं, २४ चा जीएसटी क्रमांक तपासायचा.’ दहा सेकंद लागतात. ती ओळ नसली की परत आल्यावर पुन्हा एकपासून बघावंसं वाटतं.

आता फोन. तुमच्या पत्रातला खरा गुंता इथे आहे, कारण तुमचं काम फोनवरूनच येतं. त्यामुळे ‘फोन बंद करा’ हा सल्ला तुम्हाला उपयोगाचा नाही.

पहिली गोष्ट, कामाचा नंबर वेगळा करा. दुसरं सिम घ्या आणि त्यावर व्हॉट्सॲप बिझनेस चालू करा. त्यात प्रत्येक पार्टीला लेबल लावता येतं, ठरलेल्या वेळेत आपोआप जाणारा निरोप ठेवता येतो आणि नेहमीची उत्तरं साठवून ठेवता येतात. मग सगळ्या पार्ट्यांना एकदाच असा निरोप पाठवा :

‘नमस्कार. बिलांचे फोटो आता या नंबरवर पाठवावेत. मी रोज दुपारी १२.३० आणि संध्याकाळी ५.३० वाजता सर्व मेसेज पाहते. आठवड्याची बिलं शनिवारी संध्याकाळी ६ पर्यंत द्यावीत. नोटीस किंवा तातडीचं काम असेल तर कृपया फोन करावा.’

शेवटचं वाक्य गाळू नका. माणसाला तातडीची एक वाट मोकळी दिसली की तो बाकीच्या वेळी थांबायला तयार होतो. २२ पैकी तिघं-चौघं तरीही पाळणार नाहीत, हे धरूनच चला. वयस्कर शेठ असतील तर त्यांची बिलं आठवड्यातून एकदा दुकानातून फाइलमध्ये घेऊन या, ते त्यांनाही सोयीचं पडेल. पण त्या तिघा-चौघांसाठी बाकीच्या अठरांचा नियम मोडू नका.

दुसरी गोष्ट, बैठकीच्या वेळी फोन खरोखर दुसऱ्या खोलीत. टेबलावर उपडा ठेवलेला फोन पुरत नाही, हात आपोआप तिकडे जातो. शाळेतून फोन आला तर, ही भीती रास्त आहे. अँड्रॉइडमध्ये ‘डू नॉट डिस्टर्ब’ लावून शाळा, मिस्टर आणि रिक्षावाले मामा यांचे नंबर वगळता येतात. शिवाय एकच माणूस १५ मिनिटांत दुसऱ्यांदा फोन करत असेल तर तो वाजू देण्याची सोयही त्यात आहे. रिंगचा आवाज मोठा ठेवा, आतल्या खोलीतून ऐकू येईल इतका.

तिसरी गोष्ट बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही : लॅपटॉपवरचं व्हॉट्सॲप वेब. फोन आत ठेवला आणि ती टॅब उघडी राहिली तर सगळं मुसळ केरात. संध्याकाळी बिलं उतरवून घेतली की ‘पार्टी – वर्ष – महिना’ अशा फोल्डरमध्ये टाका आणि लॉग आउट करा. सकाळच्या बैठकीत बिलं फक्त फोल्डरमधून उघडायची.

आणि ओटीपी. ईव्हीसीने (मोबाइलवरच्या कोडने पडताळणी करून) रिटर्न भरताना पार्टीच्या मोबाइलवर ओटीपी जातो, तो त्यांनी सांगेपर्यंत तुम्ही अडकता. शेठ गिऱ्हाइकात असतात, फोन उचलत नाहीत, ओटीपीची मुदत संपते, पुन्हा मागवा. हे काम सकाळच्या बैठकीत कधीही घेऊ नका. त्यासाठी दुपारी साडेतीन ते साडेचार ठेवा. त्या दिवशी सकाळी ‘आज साडेतीननंतर ओटीपी येईल’ असा मेसेज द्या आणि चार-पाच पार्ट्या एकापाठोपाठ उरका.

घरातल्यांचा प्रश्न नाजूक आहे, कारण लॅपटॉपसमोर बसलेली बाई घरात असल्यासारखीच दिसते. सासूबाईंना ‘मला हाक मारू नका’ म्हटलं तर ते लागेल. ‘साडेबाराला मी उठते, तोवर दूधवाला, कुरिअर तुम्ही बघाल का?’ असं म्हटलं तर त्यात संपण्याची वेळ आहे आणि त्यांना एक कामही आहे. टेबलाजवळ सगळ्यांना दिसेल असं घड्याळ लावा. त्यांनी गुऱ्हाळ पाहिलेलं असेल तर एवढंच सांगा : काहील उतरवायच्या वेळी गुळव्याला कुणी हाक मारत नाही, तसा माझा हा तासभर आहे. आणि साडेबाराला खरंच उठा. तुम्ही तीनदा एक वाजवलात तर चौथ्यांदा त्या बाराला हाक मारतील, आणि त्यांचं काही चुकणार नाही. बैठकीआधी कुकर लावून बसू नका. शिट्ट्या मोजताना आकडे जुळत नाहीत.

दुपारी दोन ते चारच्या दरम्यान सुस्ती येते ती फक्त जेवणाने येत नाही, शरीराच्या घड्याळातच तो उतार असतो. रविवारी तांबडा-पांढरा झाल्यावर तो अधिक जाणवतो, इतकंच. त्या वेळेत खरेदी जुळवायला बसू नका. ओटीपी, प्रिंट, फायलिंग, फीची बिलं पाठवणं अशी हात चालवायची कामं ठेवा. झोपायचंच असेल तर गजर लावून २० मिनिटं. तासभर झोपलात तर उठल्यावर डोकं जड राहतं आणि रात्रीची झोपही लांबते. चहा चारच्या आत. निम्मं कॅफिन अंगातून जायलाच साधारण पाच तास लागतात, त्यामुळे संध्याकाळी सातचा कप रात्री बारालाही जागा असतो.

हे सगळं जमलं आणि महिन्याची मांडणी तशीच राहिली तर १० आणि १९ तारखेची रात्र पुन्हा सगळं वाहून नेईल. त्यासाठी शेवटची तारीख स्वतःपुरती अलीकडे ओढा. १ ते ६ या दिवसांत विक्रीची उरलेली बिलं आणि ज्यांचा टीडीएस आहे त्यांचं ७ तारखेचं चलन. जीएसटीआर-१ ची (विक्रीच्या रिटर्नची) तुमची तारीख ११ नव्हे, ९. त्रैमासिक योजनेतल्या पार्ट्यांचं आयएफएफ (विक्रीची बिलं दाखवायची सोय) १३ पर्यंत चालतं, त्यांना ९ च्या गर्दीत ओढू नका. १४ ला २बी (खरेदीवरच्या कर-वजावटीचं विवरण) तयार होतं. १४ ते १७ सकाळच्या चारही बैठका फक्त त्याच्याशी खरेदी जुळवण्याच्या. ३बी ची (कर भरायच्या रिटर्नची) तुमची तारीख २० नव्हे, १८. २१ पासून महिनाअखेर हा तुमचा सोन्याचा काळ आहे आणि तोच सध्या थकवा काढण्यात जातो. चालू महिन्याची खरेदी-विक्री आणि बँक जुळवणी तेव्हाच निम्म्यावर आणली, तर पुढच्या १ तारखेला तुम्ही ढिगाऱ्याखाली नसाल. उशीर झाला तर ३बी ला रोज ५० रुपये, शून्य रिटर्नला २० रुपये आणि थकलेल्या करावर वर्षाला १८ टक्के व्याज. हे आकडे पार्ट्यांनाही एकदा लिहून पाठवा. बिलं शनिवारी का हवीत हे मग वेगळं समजवावं लागणार नाही.

मोडण्याचे दिवस आधीच ओळखून ठेवा. मे महिन्यात आणि दिवाळीत शाळेची रिक्षा येणार नाही, म्हणजे तुमची खूणच जाईल. त्या काळासाठी दुसरी खूण आताच ठरवा : देवपूजा झाली की टेबल, वेळ पुन्हा २० मिनिटं. नवरात्रात दर्शनाला येणारे पाहुणे आले की तीन मिनिटांचा डाव. आणि पावसाळ्यात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची पातळी ३९ फुटांच्या इशाऱ्याकडे सरकायला लागली की अख्खं कोल्हापूर दर पाच मिनिटांनी फोन बघतं. तेव्हा स्वतःला दटावू नका. दर दोन तासांनी एकदा पातळी बघायची असं ठरवा, आणि ज्या पार्ट्यांची दुकानं पाणी येणाऱ्या भागात आहेत त्यांची कागदपत्रं आधी स्कॅन करून घ्या.

रात्री भांडी आवरली की पाच मिनिटं वहीला द्या. राहिलेली कामं आणि प्रत्येकापुढे ती कधी करणार ते लिहा. मानसशास्त्रज्ञ मासिकॅम्पो आणि बाउमायस्टर यांच्या २०११ च्या प्रयोगांत दिसलं होतं की अर्धवट काम डोक्यात घोळत राहतं, पण त्याचा नेमका बेत ठरवला की घोळणं थांबतं, काम पूर्ण झालेलं नसलं तरी. अंथरुणात आठवणारा पार्टी नंबर ११ चा फरक असा वहीत जातो.

ॲपचं विचारलंत. सध्या नको. ॲप उघडायला फोन हातात घ्यावा लागेल. भिंतीवरच्या कॅलेंडरवर कामाला बसलेल्या दिवसाला टिक, तीन मिनिटांच्या दिवसाला टिंब. चार आठवड्यांनी मोजा. रविवार सोडून २४ दिवसांत टिक आणि टिंबं मिळून १६ च्या वर असतील तर उत्तम चाललंय. १० च्या खाली असतील तर जोर वाढवू नका, बैठक लहान करा किंवा खूण बदला.

एक गोष्ट मात्र वेगळी तपासा. झोप पुरी होऊनही दिवसभर थकवा, धाप, केस गळणं, लक्ष न लागणं असं असेल तर सीबीसी (हिमोग्लोबिन आणि रक्तपेशी) आणि टीएसएच (थायरॉइड) या दोन रक्तचाचण्या करून घ्या. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांमध्ये रक्तक्षय आढळला होता. हिमोग्लोबिन खाली असताना कुठलंही वेळापत्रक चालत नाही. सीपीआर या सरकारी रुग्णालयात किंवा तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे जा. दोन आठवड्यांपेक्षा जास्त मन उदास राहत असेल तर तेही त्यांना सांगा, लपवू नका.

सुरुवात एक तारखेला करू नका, तेव्हा तुम्ही कामात बुडालेल्या असाल. या महिन्याची ३बी झाली की २१ चा दिवस पूर्ण आराम करा, २२ ला रिक्षा गेली की बसा. पहिल्या चिठ्ठीवर सगळ्यात अवघड पार्टी लिहू नका. जिची महिन्याला दहा-बाराच बिलं येतात ती निवडा, म्हणजे २० मिनिटांत तिचं काम हातावेगळं होईल. पार्ट्यांना नव्या नंबरचा मेसेज मात्र २१ लाच पाठवून ठेवा.